माझे पाय स्टेजवर गेले

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. माझे पाय हल्ली दुसरीकडे नोकरीला आहेत.

एकेचाळीस वर्षं मी मास्तरांबरोबर काढली. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. शाळेचे गणवेश, लग्नाचे सूट आणि एका वकिलांचा काळा कोट, जो आम्ही दर वर्षी थोडा सैल करत होतो. मास्तरांचा पाय पायडलवर पडला की माझी सुई धावे. "हे मशीन म्हणजे माझा उजवा हात," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मी भाबडं. मला ते खरं वाटलं.

मग दुकान बंद झालं, मी घरी आलं आणि चौसष्टाव्या वर्षी मास्तरांना की-बोर्ड शिकायची हुक्की आली. घरात टेबल नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी माझा पट्टा काढला, स्क्रू सोडवले, मला उचलून कपाटाशेजारी जमिनीवर ठेवलं आणि माझ्या लोखंडी पायांवरच्या फळीवर की-बोर्ड मांडला. माझ्या सुईखाली त्यांच्याच पायजम्याचा खिसा अर्धा शिवून अडकला होता. "नंतर बघू," म्हणाले.

तेव्हापासून मी खालून बघत आलं आहे. रोज सकाळी हात त्या चकचकीत पाहुणीवर आणि पाय माझ्या पायडलवर! सवयच ती. पायडल खालीवर होई आणि सूर अगदी तालात पडत.

की-बोर्डच्या क्लासमध्ये मात्र साधं टेबल. तिथली नऊ वर्षांची मुलं गाणं संपवून डबे उघडत, तेव्हा मास्तर दुसऱ्या ओळीवर असत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "काका, यंदा कार्यक्रमात नको. पुढच्या वर्षी बघू."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. बायकोला म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे कपडे स्टेजवर गेले गं. एकदा मी जाईन म्हटलं होतं."

"अहो, घरी जमतं ना?" बाई म्हणाल्या. "कारण खाली पायडल आहे. मग न्या की ते बरोबर! मॅडमना मी सांगते."

इतकी वर्षं दुकानात येऊन मला तेल घालणाऱ्या बाई! त्यांनीच माझे पाय परस्पर देऊन टाकले.

कार्यक्रमाच्या दिवशी माझे पाय टेम्पोत चढले. मी जमिनीवरच. संध्याकाळी बाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, एक चूक नाही! पायडल करकरत होतं ना, लोकांना वाटलं, तेही वाद्यच आहे. टाळ्या थांबेनात!"

करकरणारच. चौदा महिने तेल नाही.

आता माझे पाय क्लासमध्येच मुक्कामाला आहेत. मास्तर घरी येतात ते गुणगुणत. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं; वकिलांचा कोट पहिल्या फटक्यात बसला तेव्हासुद्धा नाही. हेच जास्त लागतं.

मित्रांनो, उतारवयात नवं काही जरूर शिका. पण ज्याच्या पायांवर उभे राहून शिकता, त्याला दोन थेंब तेल द्या. आणि कुणी मास्तरांच्या घरी गेलात, तर तो खिसा तेवढा पुरा करायला सांगा. सुई अजून त्यातच आहे.