बिनचांदणीचा कागद

मास्तरांचा धंदाच उफराटा. जी बोलणारी माणसं मरून हजारावर वर्षं झाली, जिचं एक अक्षर कुणी लिहून ठेवलं नाही, ती रशियन, पोलिश वगैरे स्लाव भाषांची मूळ भाषा ते घरात बसून पुन्हा उभी करत.

"आजी कुणी पाहिली नाही," त्यांनी माईला एकदा समजावलं, "पण नातींची नाकं जुळवली की आजीचं नाक कळतं."

"आणि नातींनी नाक बापाचं घेतलं असेल तर?" बायकोच्या या सवालावर मास्तरांनी चार दिवस शब्दांची सगळी कार्डं पुन्हा लावली.

जुळवलेल्या प्रत्येक शब्दाआधी ते पेन्सिलीनं चांदणी काढत. चांदणी म्हणजे हा कुणी ऐकला-पाहिला नाही, आम्ही ठरवला. ती काढायची राहिली तर त्यांना घास गिळवत नसे.

यंदा 'झिदाती' होता. वाट पाहणे. मी, तू, तो, सगळी रूपं कार्डांवर चढली होती.

"मुळात याचा अर्थ आस धरणं," मास्तर म्हणाले. "झिजून झिजून वाट पाहणं झाला."

"हे सांगायला पगार घेता? कुठल्याही आईला विचारायचं!"

त्यांचा मुलगा टिल्ल्या जहाजावर जाऊन चार वर्षं झाली होती. पत्रं मास्तरांच्या कॉलेजात येत, तेच आणून वाचून दाखवत. माई दुसरी नापास, अक्षराला अक्षर लावून वाचणारी.

"पोराचं अक्षर वाकडं झालंय हो."

"जहाज हलतं. अक्षर हलणारच."

एका दुपारी मास्तर न्हाव्याकडे गेले आणि कसर लागू नये म्हणून माईनं पत्रं उन्हात पसरली. एकाच्या कोपऱ्यात खसखशीएवढी पेन्सिलीची चांदणी.

तिनं सगळी पत्रं ओळीनं मांडली. पहिल्या सातांवर चांदणी नाही. पुढच्या अकरांवर चांदणी.

बोट फिरवत ती वाचू लागली. 'आई, जिभेला आवर घाल.' हे तर तिसऱ्यात होतं. 'पाय दुखतात का?' पाचव्यात. अकरा पत्रांत नवं वाक्य एक नाही. जुनीच फिरवून जुळवलेली.

ती उठली, मास्तरांचा खण ओढला. कार्डांखाली चौघडी घातलेला कागद. छापील, मराठीत, वर जहाज कंपनीचं चित्र. उलटून पालटून पाहिला. चांदणी कुठेच नव्हती.

"अगं, चहा टाक," म्हणत मास्तर दारात आले आणि तिथेच खिळले. गुळगुळीत दाढीचा चेहरा पांढरा पडला.

"दे इकडे. मी वाचून दाखवतो."

"तुम्ही नको." माई त्यांच्याच खुर्चीत बसली. "तुमच्या वाचण्यालाच आता चांदणी लागलीय."

कागद मांडीवर सरळ करून तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.