ओढ्याच्या वाटेवरचा निळा ड्रम

मी निळा ड्रम बोलतोय. वाळूजच्या पुढे ओढ्याकडे वाट वळते, तिथे पोटात मुरूम भरून उभा आहे ना, तोच.

एका कारखान्यात मी उग्र वासाचं रसायन सांभाळलं आणि रिकामा झाल्यावर गेटजवळ लोळत पडलो. तिथल्या भिकन नावाच्या कामगाराने मला मागून घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, बंदमुळे एसटी नव्हती. त्याने मला सायकलला बांधलं आणि ढकलत घरी आणलं.

त्याच्या बायकोला, बानाबाईला, केवढा आनंद! वेळी-अवेळी विहिरीवर धावायच्या खेपा वाचणार होत्या. तिने मला राखेने घासलं, हळदीकुंकू लावलं आणि काठोकाठ भरलं. रसायनाच्या ड्रमला हळदीकुंकू! मी फुगून गेलो. आळीतल्या बायकांनीही नवऱ्यांकडून ड्रम आणवले.

संध्याकाळी घरच्या मेंढ्या रानातून परतल्या. बानाबाईने माझ्यातलं पाणी घमेल्यात ओतलं. कळपाच्या पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीने नाक लावलं आणि मान फिरवली. मग एकीनेही पाणी घेतलं नाही. दिवसभर उन्हात हिंडलेल्या मेंढ्या त्या!

वास जाईल चार दिवसांत, असं भिकन म्हणाला.

"मेंढीनं तोंड लावलं नाय, ते लेकरायला कसं पाजू?" बानाबाईने मला आडवं करून सगळं पाणी सांडून दिलं. माझ्या जिवाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हंडा घेऊन निघाली. विहिरीवर बोलणं झालं तेव्हा बायकांच्या ध्यानात आलं, की ड्रमचा वास आणि ओढ्याचा वास एकच आहे. कारखान्याचा सांडपाण्याचा टँकर ओढ्यात रिकामा व्हायचा आणि विहीर तर ओढ्याला लागूनच. घरोघरचे ड्रम मुरमाने भरून टँकरची वाट अडवायची, असं ठरलं.

 भिकनची नोकरी त्याच कारखान्यात होती.  तरी रविवारी मुरमाचं पहिलं घमेलं त्यानेच माझ्यात टाकलं.

"नोकरी दुसरी बघता यील," तो म्हणाला, "पाण्याची हीर कुठून आणू?"

टँकर आला. ड्रायव्हरने उतरून मला ढकलून पाहिलं. मी हललो नाही. मागे सगळी आळी उभी होती. टँकर माघारी वळला.

भिकनची नोकरी गेली ती गेलीच. आता तो कळपामागे असतो. लेंडीखतासाठी शेतकरी पैसे देऊन त्याच्या मेंढ्या रात्री रानात बसवून घेतात. दोन पावसाळ्यांनी ओढ्याचा वासही गेला.

आम्हा ड्रमांमध्ये एक मेंढी जाईल एवढी फट ठेवली आहे. ती म्हातारी मेंढी पाण्यावर जाता-येता माझ्यावर पाठ घासते. मला बरं वाटतं. एवढंच मागणं आहे, मला पुन्हा कुणी पाण्याने भरू नका. पाणी माझ्या पाठीमागून वाहतंय, तेवढं मला पुरे.