तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

या, असे जवळ या. मागच्यांनीही थोडं पुढे सरका, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. शूरवीरांची नाही, राजाराणीची तर नाहीच. पाणी मोजणाऱ्या माणसांची आहे. देव कुठे भेटेल ते सांगता येत नाही बघा. कुणाला गाभाऱ्यात भेटतो, कुणाला शेजाऱ्याच्या ओट्यावर. या गोष्टीत तो एका बैठकीत येऊन बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. ऐका.

चिटणीस चहाचा ट्रे घेऊन खोलीत शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. खिडकीजवळच्या खुर्चीत तबकडीबाई बसल्या होत्या. ट्रे कलला आणि चारही कपांतला चहा बशांत उतरला.

"बाई, तुम्ही इथे?"

"मग काय भूत आहे? समितीतले मासेवाले डॉक्टर पाय मोडून बसलेत. आप्पांनी सकाळी फोन केला, बदली म्हणून या म्हणाले. तो ट्रे ठेव आधी. सगळा चहा सांडलास."

चहा सांडणार नाही तर काय होईल? सांगतो.

ही संस्था तळ्यांचं, नद्यांचं पाणी तपासणाऱ्या शास्त्रज्ञांची. कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. टेबलावर काच, काचेखाली जुन्या अधिवेशनांचे फोटो, भिंतीवर सागवानी फळा आणि त्यावर सोनेरी अक्षरांत मानद सभासदांची नावं. मानद सभासद म्हणजे ज्याच्या कामापुढे सगळ्या संस्थेने मान लवावी असं माणूस. फळ्यावर नाव चढणं म्हणजे गंमत नव्हे. समितीच्या चौघांनीही हो म्हणायला हवं. एकाने जरी नाही म्हटलं तर ते नाव पाच वर्षं पुन्हा आणता येत नाही. आणि सगळ्यात कडक नियम असा की समितीला नाव सांगायचंच नाही. प्रस्तावात नुसतं 'सदर सभासद' लिहायचं. तळ्याचं नाव नाही, गावाचं नाही, बाई की बुवा तेही कळता कामा नये. मत व्हायच्या आत नाव फुटलं की प्रस्ताव बाद. पूर्वी जो तो आपल्या मेहुण्याचं घोडं पुढे दामटायचा, म्हणून हा नियम आला. आणला कुणी? तबकडीबाईंनी.

आणि आजचा प्रस्ताव कुणासाठी होता? तबकडीबाईंसाठीच.

प्रस्ताव लिहिला होता चिटणीसाने. तो बाईंचा विद्यार्थी. बाईंच्या एका डोळ्याचं बघणं गेलेलं, दुसऱ्याचं जात चाललेलं. महिनाअखेरीला त्या कायमच्या लेकीकडे, लांब, दुसऱ्या टोकाला राहायला जाणार होत्या. काम सुटलं की सभासदत्व सुटतं, आणि सभासदत्व सुटलं की मानदही होता येत नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आणि नेमक्या आजच बाई परीक्षकाच्या खुर्चीत, स्वतःच्याच प्रस्तावापुढे. चिटणीस काही बोलला तर प्रस्ताव बाद. न बोलला तर? तो मनात देवाचा धावा करत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि लेखणी उघडली.

अध्यक्षांनी, म्हणजे आप्पांनी, घसा साफ केला. आप्पा शेवाळाचे अभ्यासक. माणूस गोल, स्वभाव त्याहून गोल. त्यांच्या डावीकडे डासांच्या अळ्यांवर आयुष्य घालवलेल्या मॅडम, उजवीकडे धरणवाले इंजिनिअर.

"वाचतो बरं का," आप्पा म्हणाले. "सदर सभासदाने एका तळ्याच्या पाण्याची पारदर्शकता दीर्घ काळ, रोज, एकही दिवस न चुकता, एकट्याने मोजली."

पारदर्शकता मोजणं म्हणजे फार यंत्रतंत्र नाही हो. जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी दोरीला बांधायची आणि पाण्यात सोडायची. खाली खाली जाते, धूसर होते, दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. पाणी जितकं निर्मळ तितकी दोरी लांब. सगळं काम डोळ्यांचं आणि नेमाचं. संस्थेतले निम्मे सभासद कधी ना कधी हे करतात. बाई मात्र जन्मभर करत राहिल्या, म्हणून तबकडीबाई.

"त्या मोजमापांवरून," आप्पा पुढे वाचत होते, "पाणी वर्षागणिक गढूळ होत असल्याचं सदर सभासदाने सर्वांआधी दाखवलं. परिणामी कारखान्याचं सांडपाणी अडवण्यात आलं. सदर सभासदाने अनेक विद्यार्थी घडवले, त्यांना प्रसंगी घरी ठेवून घेतलं, आपल्या ताटातलं जेवू घातलं."

इथे मॅडमची मान वर झाली. त्यांचा मुलगा बाईंच्या घरी राहून शिकलेला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग चिटणीसाकडे. चिटणीसाचे कान लाल झालेले. मॅडमना जोराचा खोकला आला.

"पाणी घ्या," बाई म्हणाल्या. "आप्पा, झालं वाचून?"

"झालं. माझा होकार."

"माझाही," मॅडम खोकल्यातून म्हणाल्या.

"माझं काही म्हणणं नाही," धरणवाले म्हणाले. "बाई?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "माझा नकार आहे."

चिटणीसाच्या लेखणीची शाई कागदावर फुटली.

"अहो, का पण?" आप्पा पुढे झुकले.

"हा उत्तरेकडचा तो दाढीवाला दिसतोय. प्रत्येक अधिवेशनात छाती पुढे काढून फिरतो तो."

"कुणाचं नाव काढायचं नाही, बाई. नियम तुमचाच."

"बरं, नाही काढत. पण हे काम घ्या. तबकडी सोडली, आकडा लिहिला. हे तर आपलं कामच आहे. पोरांना जेवू घातलं. मग काय उपाशी ठेवायचं होतं? यात फळ्यावर चढण्यासारखं काय आहे?"

"बाई," धरणवाले हसत म्हणाले, "एखाद्याच्या पदरात चांगलं पडतंय तर पडू द्या की. पदरी पडलं, पवित्र झालं."

"ते लग्नात ठीक आहे. शास्त्रात आधी पवित्र आहे का ते बघतात, मग पदरात घेतात."

मॅडमनी टेबलाखालून धरणवाल्यांचा बूट दाबला. धरणवाले म्हणाले, "पाय लागला तुमचा." मॅडमनी पुन्हा दाबला आणि डोळ्यांनी बाईंकडे खूण केली. धरणवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या. "अरेच्चा," ते म्हणाले. "म्हणजे हे तर काखेत कळसा आणि..."

"चहा घ्या," मॅडम म्हणाल्या.

आता खोलीत चौघांना माहीत होतं आणि एकीला नव्हतं. आप्पांनाही उमगलं होतं. त्यांचा चेहरा, सांगू नकोस म्हटलेलं गुपित धरून बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"बाई," आप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमची नेमकी हरकत कशाला? एकच गोष्ट सांगा."

"एकच सांगते. एकट्याने." बाईंनी बोट कागदावर टेकवलं. "एकही दिवस न चुकता आणि तेही एकट्याने. आप्पा, हे खोटं आहे. माणूस आजारी पडतं. घरात मयत होते. बाई असली तर बाळंत होते. मीसुद्धा दिवस चुकू दिला नाही हो. माझ्याही मोजमापांत खंड नाही. पण मी एकटी होते का? लेक झाली तेव्हा मला उठायची बंदी होती. मी रडायला लागले, पोरीसाठी नाही, आज तबकडी कोण सोडणार म्हणून. तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई उठल्या. म्हणाल्या, ते ताट आण इकडे. ताटच म्हणायच्या त्या तबकडीला."

आप्पांनी हळूच कागद खाली ठेवला.

"त्यांना पाण्याची भारी भीती. लहानपणी भाऊ बुडालेला. हंड्यात वाकून बघतानासुद्धा कड धरायच्या. आणि त्या तळ्यातल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला जाऊन फळ्यांवर पालथ्या झोपल्या. एका हाताने खांब धरला, एका हाताने दोरी सोडली. घरी आल्या तर लुगडं सगळं ओलं, दात वाजतायत, आणि मला म्हणतात कशा, आज तुझं पाणी हसतंय गं, चांगलं खोलपर्यंत दिसलं. मी बरी होईपर्यंत रोज गेल्या. नंतरही, मला ताप आला की ताट उचलायच्या न सांगता. आणि डोळे असे तेज की त्यांचा आकडा माझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच यायचा. मला तेवढं वजा करावं लागे. मी म्हणायचे, जाऊबाई, तुम्हाला जास्त दिसतं. त्या म्हणायच्या, तू आकडा बघतेस, मी पाणी बघते."

बाई थांबल्या. त्यांना दम लागला होता, गाल लाल झाले होते. "असं असतं ते. प्रत्येक अखंड कामात कुणीतरी दुसरं पालथं झोपलेलं असतं. या दाढीवाल्याच्या मागेही कुणी असेलच. आई असेल, बायको असेल. तिला पुसून हा एकटा फळ्यावर चढणार? मी होऊ द्यायची नाही."

चिटणीसाने मान खाली घातली होती. 'एकट्याने' हा शब्द त्याचाच. बाईंवरच्या मायेने त्याने लिहिला होता. अधिक लिहिलं तर बाईंना अधिक मिळेल, असं त्याला वाटलं होतं. जाऊबाईंनी तबकडी सोडल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. बाईंच्या घरी इतकी वर्षं जेवला, ताटात वाढणारा तो हात जाऊबाईंचा होता, हेही त्याला आता आठवलं.

आप्पांनी रुमालाने मान पुसली. "बाई, तपशील चुकला असेल तर मतं लिहून होण्याआधी दुरुस्त करता येतो. समजा, 'एकट्याने' काढलं. त्या जागी लिहिलं, की सदर सभासदाने, आणि आजारपणात घरच्या वडीलधाऱ्या बाईने. मग?"

"मग खरं वाटेल."

"आणि तुमचं मत?"

"मग माझा विरोध कशाला? त्या घरच्या बाईसाठी तरी होकार देईन. द्या तिला."

"लिहा," आप्पा चिटणीसाकडे न बघता म्हणाले. "चौघांचा होकार. आता प्रस्तावकाने नाव सांगावं."

चिटणीस उठला. तो नुसता बाईंकडे बघत राहिला. बाईंना धड दिसत नव्हतं, तरी ते बघणं त्यांना कळलं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मॅडमचे डोळे भरलेले. धरणवाले उगाच रिकामा कप पीत होते.

"अरे देवा," बाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी काय करावं? रडावं, हसावं? छे. त्या ताडकन उठल्या. "आप्पा, यातलं माझं मत रद्द करा. मी स्वतःलाच मत दिलं. ज्याचा विषय त्याने बाहेर थांबायचं, हा साधा नियम आहे. मी जिन्यात उभी राहते. तुम्हा तिघांची मतं आहेत तशी राहू द्या. माझ्या जागी मासेवाल्यांना नाव न सांगता फोनवर विचारा. पाय मोडलाय, तोंड नाही." आणि चौकट चाचपत बाहेर गेल्यासुद्धा.

मासेवाले डॉक्टर फोनवर म्हणाले, "हे विचारायला फोन केलात? मला वाटलं कधीच झालंय." आणि इतके मोठ्याने हो म्हणाले की ते जिन्यात ऐकू गेलं.

चिटणीस धावत बाहेर आला. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. खाली दुकानात कुणीतरी चष्मा लावून अक्षरं वाचत होतं, एकेक ओळ खाली, लहान लहान होत जाणारी.

"झालं, बाई. सगळ्यांचा हो."

"शब्द काढलास?"

"काढला."

"आणि जाऊबाईंना घातलंस?"

"घातलं. पण बाई, फळ्यावर एकच नाव बसतं. सभासदाचंच."

"ते ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "नियम करणारीला नियम शिकवतोस होय?" आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरू लागल्या. उतरता उतरता म्हणाल्या, "चल, तळ्यावर जाऊ. आजचं मोजायचं राहिलंय."

धक्क्याच्या टोकाला त्याने तबकडी सोडली. बाईंनी दोरी नुसती हाताला लागून जाऊ दिली. पांढरं ताट खाली निघालं. हिरवट झालं, मग सावलीसारखं झालं.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"आता?"

"आता... गेलं, बाई."

त्याने दोरीवरच्या खुणेला चिमटीत धरलं. बाई खांबाला हात लावून उभ्या होत्या. पाण्यावर वारा नव्हता.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून दोन बोटं सोड. त्यांना दिसलं असतं."

त्याने सोडली.

तर मंडळी, बाईंची चिंता करू नका. त्यांचं नाव त्या फळ्यावर आहे, सोनेरी, आणि वाचणारे ते वाचतील. तुम्ही घरी जाल, दिवा लावाल, देवापुढे क्षणभर डोळे मिटाल, तेव्हा एवढंच करा. पाण्याला भिणारी एक बाई धक्क्याच्या फळ्यांवर पालथी झोपली आहे, एका हातात खांब आहे आणि एका हातात दोरी. तिची तेवढी आठवण असू द्या.