राक्षसाच्या पाठीचे कच्चे टाके

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. उंची हातभर, शिंगे दोन, दात बावीस, डोळे काचेचे. मला पाहून तुम्ही "किती गोड आहे ना" असे म्हणता, तेव्हा माझ्या मनात तुमच्याविषयी जे येते ते मुलांच्या पुस्तकात छापता येणार नाही. मी गोड नाही. गोड दिसावे म्हणून मला कोणी बनवलेही नव्हते. पडद्यावर मी चार मजली इमारतीएवढा दिसत असे. जहाजाची डोलकाठी मी काडीसारखी मोडायचो आणि पहिल्या रांगेतली पोरे खुर्चीखाली शिरायची. तुमच्या आजोबांना विचारा. ते आता हसत हसत सांगतील, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

माझा जन्म एका घड्याळजीच्या टेबलावर झाला. भुतांखेतांचे आणि धाडसी खलाशांचे सिनेमे काढणारा एक दिग्दर्शक त्याच्या दुकानात बंद पडलेले मनगटी घड्याळ घेऊन आला आणि जाताना माझे काम सोपवून गेला. घड्याळजीने सात महिने खपून माझा पोलादी सांगाडा घडवला. खांदे, कोपर, बोटे, जबडा, शेपटीचे मणके, सगळे सांधे त्याने कानशीने घासून बसवले. हात वर केला की वरच राहिला पाहिजे, केसभरही खाली येता कामा नये, हा त्याचा हट्ट होता. माणूस हडकुळा होता, म्हणून घरचे त्याला काट्या म्हणत. त्याचा हात मात्र असा स्थिर होता की काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन तो जिना चढला तरी बशीत थेंब सांडत नसे.

माझे कातडे त्याच्या थोरल्या बहिणीने शिवले. ही ताई दोन गल्ल्या सोडून राहायची आणि घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. एका जुन्या केसाळ कोटाचे तुकडे जोडून तिने मला अंगभर पांघरूण केले. त्यासाठी तीन वेळा माझे माप घेतले. एकदा सवयीने मला "हात वर कर" म्हणाली आणि मग एकटीच हसत बसली. मला त्या घरात बरे वाटायचे. हे मी कोणाविषयी सहसा म्हणत नाही.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच झाला. पडद्यावर मला चालवायचे म्हणजे घड्याळजीने माझा पाय किंचित पुढे सरकवायचा, बाजूला व्हायचे, एक चित्र घ्यायचे, परत यायचे, आणखी किंचित सरकवायचे. अशी चोवीस चित्रे झाली की एक सेकंद होतो. केसाळ अंगाला दर वेळी बोटे लागली तर दर चित्रात केस निराळे पडतात आणि पडद्यावर आपोआप वळवळू लागतात. ताईने हे आधीच ओळखले होते. म्हणून तिने माझ्या पाठीला आणि काखांमध्ये फटी ठेवल्या. नेताना कड उसवू नये म्हणून त्या पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाक्यांनी मिटवल्या.

कातडे चढवून झाल्यावर ती भावाला म्हणाली, "पांढरा दोरा ओढलास की फट उघडेल. आत बोट घालून सांधा धरायचा. केसांना अजिबात हात लावायचा नाही. ऐकतोयस ना?"

घड्याळजी तेव्हा डोळ्याला भिंग लावून माझ्या जबड्याचा स्क्रू पिळत होता. तो "हूं" म्हणाला.

मी त्याच्या हातातच होतो, म्हणून सांगतो. त्याने एक अक्षर ऐकले नव्हते.

पुढचे पाच महिने त्याने मला केसांना धरून हलवले. चित्रीकरणाच्या खोलीत कोणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती, कारण नुसती फरशी हादरली तरी दिवसभराचे काम फुकट जायचे. त्यामुळे ताईने काही पाहिले नाही. माझी पाठ आतून ओरडत होती, "अरे शहाण्या, दोरा ओढ." पण मला तोंड बावीस दातांचे आणि आवाज शून्य. पडद्यावरचा माझा गर्जनेचा आवाज नंतर दिग्दर्शकाने एका मोठ्या डब्यात तोंड घालून काढला. त्याचेही कौतुक झालेच.

सिनेमा लागला. पोरे किंचाळली, आया चिडल्या, मला धन्य वाटले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात छापून आले की राक्षस झकास आहे, पण त्याच्या अंगात उवा झाल्या असाव्यात, कारण त्याचे केस सारखे वळवळतात. सगळ्या गावाने ते वाचले. घड्याळजीने तो अंक घेऊन तडक ताईचे घर गाठले. मी त्याच्या बगलेत होतो.

"ताई, तुझ्या कातड्यानं माझं नाक कापलं," तो म्हणाला.

तिने आधी वाचले, मग विचारले, "फटीतूनच धरलंस ना?"

कुठली फट, हे त्याला विचारता आले असते. पण रागाच्या भरात त्याला वाटले, ही आता मला धरायला शिकवते. "मला माझं काम शिकवू नकोस," तो म्हणाला. "तू शिवण सांभाळ."

आपण सांगितल्याप्रमाणे त्याने सगळे केले असणार आणि तरीही केस हलले असणार, म्हणजे आपलाच माल वाईट होता, असे ती धरून चालली. घड्याळजीने पुढे भेटेल त्याला सांगितले की बहिणीच्या कातड्याने घात केला. दोघांचे बोलणे तुटले. दोन गल्ल्यांचे अंतर, आणि चाळीस वर्षांत एकदाही दार वाजले नाही.

मी ट्रंकेत गेलो. वर जुने पंचे, खाली कसरीने खाल्लेली लोकरी टोपी. माझे रबरी ओठ तडकले, एक डोळा सैल झाला. बाहेर संगणकावर राक्षस तयार होऊ लागले. त्यांच्या अंगावरचा केस न् केस शहाण्यासारखा हलतो म्हणे. घड्याळजी पुन्हा मनगटी घड्याळांकडे वळला आणि एक दिवस गेला. घरमालकाने खोली रिकामी करताना ट्रंक एका श्रीमंत संग्राहकाला देऊन टाकली.

या संग्राहकावर माझा विशेष राग आहे. त्याने मला काचेच्या पेटीत उभे केले, अंगावर पिवळा दिवा सोडला आणि "हाताने घडवलेल्या जादूचे दिवस" असे प्रदर्शन मांडले. टक्कल पडलेली माणसे यायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, "आताच्या सिनेमात ती मजा नाही." अहो, मजा होती तेव्हा तुम्हीच उवा म्हणून हसला होतात. माझ्या पायाशी एक पाटी होती. तिच्यावर लिहिले होते: "याच्या केसांची हालचाल पाहा. तीत एका थोर कलाकाराच्या बोटांची ऊब दिसते."

थोर कलाकाराची बहीण हयात आहे, हे संग्राहकाला कुठून तरी कळले. त्याने तिला मोटार पाठवून बोलावले. ती आली. केस पांढरे झाले होते, खांद्याला तीच शिवणाची पिशवी होती. तिने चष्मा लावून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"म्हणजे बोटं केसांना लागली होती?" तिने विचारले.

"तीच तर गंमत आहे ना, ताई," संग्राहक म्हणाला. "लोक खास ते बघायला येतात."

"मला जरा पाठ दाखवा याची."

त्याने मोठ्या प्रेमाने पेटी उघडली आणि मला वळवले. तिने केस बाजूला सारले. पांढरे टाके जसेच्या तसे होते. पाठीचे, काखेतले, सगळे. एकही ओढलेला नव्हता. तिने एकेका टाक्यावरून बोट फिरवले. मला तिचा श्वास मानेवर लागत होता.

"टाके सैल झालेत," ती शेवटी म्हणाली. "बघू का?"

संग्राहक हरखला. त्याने पाहुण्यांना जवळ बोलावले. "या, या, फोटो घ्या. ताई स्वतः दुरुस्ती करतायत." ताईने पिशवीतून लहान कात्री काढली. कच्चे टाके काढले, मग पक्के काढले, मग पोटाची शिवण उसवली. लोक फोटो घेत राहिले. मी पुरता सोलला गेलो तेव्हा कुठे संग्राहकाच्या लक्षात आले.

"अहो, हे काय करताय?"

"दोष होता तोवर कातडं माझं होतं," ताई कातड्याची घडी घालत म्हणाली. "कौतुक सुरू झालं तर ते त्याच्या बोटांचं झालं. हाडं ठेवा तुम्ही, ती त्यानं मनापासून केलीत. हे मी नेते."

संग्राहक पोलिसांचे काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "बोलवा. त्यांनाही पाठ दाखवू." पुढे उभी असलेली एक मुलगी माझा उघडा सांगाडा पाहून आईच्या मागे लपली आणि मोठ्याने रडू लागली. मला फार बरे वाटले.

जाताना ताई माझ्यापाशी थांबली. तिने माझा पोलादी खांदा दाबून पाहिला आणि हळूच म्हणाली, "काट्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलंच नाही. कळलं असतं तर धावत आला असता. हट्टी होता, पण मनाचा खोटा नव्हता." हे म्हणताना तिचा चेहरा असा मोकळा झाला की मी तो पूर्वी फक्त माप घेताना पाहिला होता. मग ती पिशवी सावरत निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तुम्हाला शाळेच्या निबंधांतल्या खुर्च्या आणि छत्र्या सांगतीलच. माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. मला एक निराळी गोष्ट सांगायची आहे.

घड्याळजी गेला त्याच्या सहा वर्षे आधी, एका दुपारी, त्याने काही स्क्रू हवे होते म्हणून ट्रंक उघडली होती. मला बाहेर काढून त्याने पालथे ठेवले. डोळ्याला भिंग लावले. पांढरे टाके त्याला दिसले. एक दोरा त्याने बोटाने उचलून पाहिला, पण ओढला नाही. मग तो तसाच खाली बसला. थोड्या वेळाने उठून त्याने चपला घातल्या आणि दारापर्यंत गेला. कडी काढली. तिथे उभा राहिला. मग कडी लावली, चपला काढल्या, मला ट्रंकेत ठेवले आणि वर पंचे रचले.

त्यानंतरची सहा वर्षे ती दोन गल्ल्या पलीकडे शिवत बसली होती.

मी सगळ्यांवर रागावतो, पण त्याच्यावर जेवढा रागावलो आहे तेवढा कोणावर नाही. मला बोलता येत नाही, हे त्या दिवशी प्रदर्शनात पहिल्यांदाच बरे वाटले. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. ती ताई तुम्हाला कधी भेटली, तर माझ्याविषयी हवे ते बोला, हवे तर मला गोडसुद्धा म्हणा. त्या दुपारचे मात्र तिला सांगू नका.