तिसरी ओटी

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे तोफ म्हणत. आवाजच तसा होता. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या खात्यातली माणसं वळून बघत. बायकोचे दिवस भरत आले होते आणि तोफेने तिला वचन दिलं होतं, की बाळाचं पहिलं रडणं मी दाराशी उभा राहून ऐकणार. ती मात्र अजून मोज्यांच्या कारखान्यात कामावर जात होती. घरी बसून अंग आखडतं म्हणे!

दुपारी तोफेच्या बहिणीचा फोन आला. यंत्रांच्या खडखडाटात तो सुपरवायझरने घेतला.

"तोफ, तुझ्या बायकोला ओटीत घेतलंय म्हणे! नवव्या महिन्यात? जा, जाब विचार!"

कारखान्यात उभा जन्म गेलेल्या या दोघांना ओटी ठाऊक एकच, ओव्हरटाइम. तोफेचं डोकंच फिरलं. तो तडक मोज्यांच्या कारखान्यात घुसला आणि मॅनेजरबाईंपुढे धडाडला, "पोटुशी बाई आहे ती! तिला ओटी लावता? काही लाजबीज आहे की नाही?"

बाई तोंड उघडायच्या की हा पुन्हा सुरू. शेवटी त्यांनी हातातला मोजा त्याच्या तोंडावर फेकला.

"अहो, तिला आम्हीच दवाखान्यात पोचवलं! ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर!"

तोफेने खाली पडलेला मोजा उचलून त्यांच्या हातात दिला. "मग मी इथं काय करतोय?"

"तेच मघापासून विचारतेय. बसा मागे."

बाईंनी स्कूटर काढली. तोफ वाटभर "बाजूला व्हा!" ओरडत होता, हॉर्न वाजवायची वेळच आली नाही.

दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराशी बहीण उभी होती. "झालं का?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं कुजबुजत विचारलं. "अजून नाही," ती म्हणतेय तोच आतून असा टाहो फुटला, की बाकावर डुलक्या घेणारे आजोबा उठून उभे राहिले.

"तुझंच रे बाबा," बहीण म्हणाली. तोफ हसता हसता रडायला लागला.

थोड्या वेळाने दवाखान्यातल्या म्हाताऱ्या मावशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आल्या. "मुलगी. आई मजेत आहे. चला, ओटी करा पुढं."

तोफ हादरला. "आता ही कुठली ओटी?"

"मांडी घाला आणि शर्ट पसरा! पोर काय हवेत ठेवू?"

तो तिथेच फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी शर्ट धरला. ओटीत येताच पोरगी गप्प झाली. मग तोफेनेही तोंड मिटलं.