जागा सोडून आलेले तीन शब्द

मी दरवाजा बोलतोय. घाबरत बोलतोय, म्हणून काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. दाराचं काम ऐकण्याचं. बोलायची मला सवय नाही.

माझं लाकूड उत्तरेकडच्या जंगलातलं, सुईसारख्या पानांच्या झाडाचं. दंबी नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं, नारिंगी रंग दिला, वर निळ्या गाठींची नक्षी काढली. चुलून आणि नोमिनचं लग्न ठरलं होतं, त्यांच्या नव्या गेरसाठी, म्हणजे उतरवून नेता येणाऱ्या तंबूघरासाठी, मी झालो. आमचं घर गोल. लाकडी जाळीची भिंत, तिच्यावर लोकरीच्या जाड नमद्याचे थर, आणि सरळ उभी राहणारी वस्तू म्हणून काय तो मी. तोंड कायम दक्षिणेला. मी बुटका आहे, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण वाकतो. जो वाकत नाही, त्याच्या कपाळाला टेंगूळ येतं आणि मग तोही वाकतो.

मला गाव नाही. वर्षातून चार वेळा घर उतरतं. मला ट्रकवर आडवं टाकतात, दोरीने आवळतात आणि दुसऱ्या कुरणात नेऊन उभं करतात. प्रत्येक खेपेला मला भीती वाटते की ह्या वेळी मला कुठेतरी विसरतील. विसरत नाहीत. पण भीती काही जात नाही.

पूर्वी आमच्याकडे कुणाला यायचं असलं की विचारत विचारत यावं लागे. लाल खडकाच्या डावीकडून जा, कोरडा ओढा लागेल, गेल्या साली पांढरी उंटीण व्याली होती तिथून वर चढा. वाटेत चार गेरं लागत, चारी ठिकाणी खारा दुधाळ चहा प्यावा लागे. माणूस पोचेपर्यंत दिवस जाई आणि पोट तट्ट होई.

मग गेल्या उन्हाळ्यात, आम्ही नदीकाठी उतरलो असताना, तालुक्याच्या पोस्टातली सोलोंगो नावाची पोरगी मोटारसायकलवरून आली. तिने फोनचा पडदा दाखवून सांगितलं की साऱ्या पृथ्वीचे तीन-तीन पावलांचे चौकोन पाडलेत आणि एकेका चौकोनाला तीन शब्दांचं नाव दिलंय. तुमचं घर उभं आहे त्या जागेचं नाव टरबूज, खोगीर, शिट्टी.

दुलमा, म्हणजे चुलूनची आई, दूध घुसळता घुसळता थांबली. "खोगीर समजलं. शिट्टी समजली. इथे टरबूज कुणी आणलं?"

"आजी, अर्थ लावायचा नाही. पाठ करायचं."

"पाठ झालंसुद्धा," दुलमा म्हणाली.

आणि झालं होतं. दुलमा शाळेत गेलेली नाही, तिला अक्षर लागत नाही. पण कळपातल्या चाळीस घोड्यांच्या आया, आज्या, पणज्या तिला तोंडपाठ. तीन शब्द तिला काय जड?

चुलूनला ते पटलं नाही. तो विहिरी खोदणाऱ्यांबरोबर दोन वर्षं हिंडलेला. त्याचं म्हणणं, नकाशावरचे आकडे बरे. आकडा वाढला की कळतं उत्तरेला सरकलो, कमी झाला की दक्षिणेला. ह्या शब्दांचं तसं नाही. दोन पावलं बाजूला सरकलं की शेजारच्या चौकोनाचं नाव लोणी, खिळा, वावटळ. कोण कुणाजवळ, काही पत्ताच लागत नाही.

"तुझे ते आकडे पाठ कोण करणार?" दुलमाने विचारलं. "तुझा घोडा?"

सोलोंगो हसली. नोमिनही हसली. नोमिनचं अक्षर सुरेख, ती आठवीपर्यंत शिकलेली. दुलमाच्या सांगण्यावरून तिने पिवळा रंग घेतला आणि ते तीन शब्द माझ्या छातीवर लिहिले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आठवडाभराने दुलमाच्या डोळ्यांच्या औषधाचं पार्सल आलं, ते कुणालाही न विचारता, चहा न पिता, थेट माझ्यासमोर. दुलमाने माझ्यावर हात फिरवला. तिला वाटलं, मीच ते बोलावून घेतलं.

मग शरद ऋतू आला, घर उतरलं. नव्या कुरणात मला उभं करताना चुलूनचं लक्ष माझ्या छातीवर गेलं.

"आई, हे खरवडायला हवं. हे शब्द तिकडे नदीकाठीच राहिले."

दुलमा ट्रकवरून चूल उतरवत होती. "घर इथे आलं, दार इथे आलं. मग पत्ता तिकडे एकटा काय करतोय?"

चुलून हसला आणि म्हणाला, उद्या समजावून सांगतो. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांना औषध पाजायचं होतं. तिसऱ्या दिवशी एक बैल हरवला. माणसांचा उद्या असाच असतो, मी बरेच पाहिलेत.

पण माझी झोप त्या दिवसापासून उडाली. पूर्वी मी नुसता दरवाजा होतो. आता मी छातीवर खोटं घेऊन उभा होतो, आणि तोंड उघडलं तर नुसती बिजागरी कुरकुरायची. येणारा-जाणारा मला वाचे आणि मला वाटे, आता हा विचारेल, आता हा बोट ठेवेल. कुणी ठेवलं नाही. जे येत ते ओळखीचे, त्यांना आम्ही कुठे आहोत ते माझ्यावर वाचायची गरजच नव्हती.

हिवाळ्यात आम्ही काळ्या डोंगराच्या कुशीत आलो. नदीकाठापासून तीस कोसांवर. गवतावर बर्फाचा पापुद्रा धरला, तेव्हा चुलून कळप घेऊन दूरच्या कुरणात गेला. पडद्याचा फोन तो घेऊन गेला. घरात बटणांचा जुना फोन उरला. त्याला आवाज मिळायचा तो फक्त माझ्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणून तो तिथेच दोरीने टांगलेला असे. नोमिनला नववा महिना लागला होता. दहा दिवसांनी तालुक्याला, दवाखान्याजवळच्या बाळंतिणींच्या घरात जाऊन राहायचं ठरलं होतं.

दहा दिवस मिळाले नाहीत. दोन दिवस बर्फाचं वारं सुटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नोमिन शेण्यांची टोपली घेऊन आत आली, माझा उंबरठा ओलांडला आणि तिथेच खाली बसली. अंगावरून रक्त जायला लागलं होतं.

दुलमाने आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं पाहिलीत. तिने एकदाच पाहिलं आणि सरळ फोनकडे आली. तिचा हात माझ्या चौकटीला टेकला होता. दुसऱ्या हाताने तिने दवाखान्याला फोन लावला.

फोन उचलला दवाखान्याच्या गाडीचा चालक झोरिगने. महिन्यापूर्वीच दुसऱ्या प्रांतातून आलेला, त्याला इथले डोंगर-ओढे काही ठाऊक नाहीत. त्याने विचारलं, कुठे यायचं?

दुलमाने क्षणभरही विचार केला नाही. ताठ उभी राहून तिने सांगितलं, टरबूज, खोगीर, शिट्टी.

झोरिगने ते शब्द परत म्हणून दाखवले, पडद्यावर घातले. लगेच जागा मिळाली, म्हणाला. निघतोच, उरना डॉक्टरांना घेऊन.

मी ओरडलो. खरंच सांगतो, सगळं बळ लावलं. बिजागरी कुरकुरली तेवढीच. दुलमा म्हणाली, वारं आलंय, आणि मला घट्ट लावून घेतलं.

तासभर गेला. दीड तास गेला. दुलमा पाणी तापवत होती, नोमिनच्या पायांखाली उशा रचत होती, मधूनच मला उघडून बाहेर बघत होती. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मला ठाऊक होतं की ह्या वेळी एक गाडी आमच्याकडे पाठ करून चालली आहे, आणि तिला मीच पाठवलंय. असं भय शत्रूच्याही दारावर येऊ नये.

फोन वाजला.

"आजी, मी पोचलो. इथे कुणी नाही."

"असं कसं? मी इथेच आहे."

"गोठलेली नदी आहे. बाजूला जनावरांची जुनी दावण आहे. गेर नाही."

"अरे, दारावर लिहिलंय, दार माझ्यासमोर आहे."

झोरिगच्या बुटांखाली बर्फ करकरला. तो हळू म्हणाला, "आजी, दार तुझ्यासमोर असेल. जागा माझ्या पायाखाली आहे."

दुलमाने माझ्याकडे पाहिलं. मला त्या नजरेपेक्षा कुऱ्हाड परवडली असती. ती रागावली नव्हती, ती मला पहिल्यांदा वाचायचा प्रयत्न करत होती.

झोरिग विचारत होता, तुमच्या जवळची काही खूण सांगा. ती काळा डोंगर म्हणाली. तो म्हणाला, मला चारी दिशांना पांढरंच दिसतंय. पडद्याचा फोन असता तर ह्या जागेचे तीन शब्द बघता आले असते. तो नव्हता. आणि जुन्या शब्दांवरून नव्या जागेकडे जायला वाट नसते.

आतून नोमिनचा आवाज आला. अगदी बारीक. "आई, लाल पेटीतला कागद."

हिवाळ्याची जागा सरकारने चुलूनच्या नावावर करून दिली होती, त्याचा तो कागद. नकाशावरचे आकडे मांडूनच ती जागा त्यात बांधली होती. दुलमाने पेटी उपडी केली. कागद नोमिनच्या हातात दिला, कारण तिला स्वतःला तो सरळ आहे की उलटा हेही कळत नव्हतं. नोमिन पडल्या पडल्या वाचायची, दुलमा माझ्यापाशी उभी राहून फोनमध्ये सांगायची. भीतीने तिची जीभ अडखळली आणि सेहेचाळीसचे एकेचाळीस झाले.

"आजी, हा आकडा मला चीनमध्ये नेतोय."

"मग तो चुकलाय. आम्ही तिकडे गेलेलो नाही."

सेहेचाळीस. टिंब. तीन, एक, आठ, पाच, दोन. पहिला आकडा पुरा झाला. एकशे दोन. टिंब. सात, चार, आणि फोन विझला. छपरावरचा, उन्हावर फोन भारणारा सौरपत्रा दोन दिवस बर्फाखाली होता, फोनमध्ये जीव उरला नव्हता.

आत नोमिन उरलेले अंक वाचतच होती. तिला कुणी सांगितलंच नाही.

नंतर झोरिगने चुलूनला जे सांगितलं ते मी ऐकलंय. तीन शब्दांतला एक जरी गळला असता तर तो तिथेच बसला असता. पण अर्धा तुटलेला आकडासुद्धा माणसाला जवळपास आणतो. झोरिग डोंगराच्या कुशीत आला, आमच्यापासून हाकेच्या दोन-तीन पट अंतरावर, आणि तिथे त्याला काही दिसेना.

दुपार कलली तेव्हा आम्हाला गाडीचा आवाज आला. जवळ आला. मग लांब जायला लागला.

दुलमाने चुलीचा लोखंडी चिमटा उचलला. आमच्यात उंबरठ्यावर चुकून पाय पडला तरी माणूस शरमतो, दाराला मारणं तर कुणाच्या मनातही येत नाही. ती बाहेर आली, मला ओढून लावलं, म्हणाली, "माफ कर रे बाबा," आणि दोन्ही हातांनी मला बडवायला सुरुवात केली.

माझ्या छातीवर, नेमकं त्या शब्दांवर. रंगाचे कपचे उडाले. फळी तडकली. पण मी वाजलो. नमद्याची भिंत वाजत नाही, वाजतो तो मीच. डोंगराने तो आवाज उचलून परत फेकला. ती थांबेल ह्याचीच मला धास्ती होती. ती थांबली नाही. एकदा चिमटा हातातून निसटला, तेव्हा तिने मुठींनी बडवलं.

गाडीचा आवाज वळला.

उरना डॉक्टर वाकली नाही, कपाळ आपटलं, शिवी हासडत आत गेली. थोड्या वेळाने नोमिनला झोळीत घालून बाहेर काढलं. माझ्यातून नेताना झोळी तिरकी करावी लागली. नोमिनचा हात खाली लोंबत होता, तो माझ्या कडेला घासला. बर्फाइतका गार होता. गाडी गेली. दुलमा तिच्याबरोबर गेली. मग घरात चूल विझली आणि मी पाच दिवस रिकाम्या घराला लागून उभा होतो, बातमी नसताना. ते पाच दिवस मी सांगत नाही.

सहाव्या दिवशी चुलून आला. त्याने चूल पेटवली, आणि बसून एकटाच रडला, मग एकटाच हसला. तेव्हा मला कळलं की दोघी जगल्या. होय, दोघी. मुलगी झाली.

नोमिन परत आल्यावर पहिलं काम तिने स्वतः केलं. सुरी घेऊन माझ्यावरचा उरलासुरला पिवळा रंग खरवडला. सोलोंगोला बोलावून हिवाळ्याच्या जागेचे शब्द घेतले आणि ते तिथल्याच एका मोठ्या दगडावर लिहिले, त्याखाली आकडे. असा दगड चारी जागी घालायचा बेत आहे. शब्द दुलमाला पाठ, आकडे नोमिनला. दुलमा म्हणते, शब्द तोंडात राहतात, आकडे हातपाय तुटले तरी चालत येतात. चुलून म्हणतो, हे मी आधीच सांगितलं होतं. तेव्हा दोघी त्याच्याकडे अशा बघतात की तो घोड्याला पाणी दाखवायला निघून जातो.

आज आम्ही उन्हाळ्याच्या कुरणाकडे निघालोय. मी ट्रकवर उताणा पडलोय, छातीवर तडा आहे, पोचे आहेत, आणि वर नुसतं आभाळ. पुढे नोमिनच्या मांडीवरची लहानगी रडते आहे. तिचं रडणं ऐकलं की माझं लाकूड आवळून येतं. वाटेत काही झालं तर?

तुम्ही हे वाचताय, तुमच्या घरालाही दार असेलच. त्याच्यावर फुलं काढा, देवाचं नाव लिहा, मुलांची उंची लिहा. पण आपण कुठे आहोत ते त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. दार तुमच्याबरोबर कुठेही येतं. ते नाही म्हणत नाही, आणि चुकलात तर सांगतही नाही.

चुलूनने दोरी पुन्हा आवळली. येतो मी.