गच्चीवरच्या धुळीची साक्ष

वाळवंटाकडून वारा सुटला की गावावर तांबूस धूळ उतरायची. दारं लावा, खिडक्या लावा, माहेरी आल्यासारखी ती सगळ्या घरभर फिरायची. आई ओलं फडकं घेऊन गुणगुणायची:

वाऱ्याला नाही घर, धुळीला नाही दार
पुसता पुसता बाई, झिजला हात फार

"गच्चीवरची पुसू नकोस," बाबा खोकत म्हणाले. "बरणीत भर."

"चाळीस वर्षं पुसतेय. आता मुरवत ठेवू तिला?"

विशीत बाबा सैन्यात होते. सरकारने वाळवंटात अणुबॉम्ब फोडून पाहिला, तेव्हा तिथून परतलेल्या गाड्या तळावर झाडायचं काम त्यांचं. हातात केरसुणी, तोंडाला रुमाल. आता रक्त नासलं होतं. आजार नोकरीतला ठरला तरच लष्करी रुग्णालयात उपचार मिळणार होते, आणि लष्कराच्या कार्यालयाचं एकच पालुपद: तुमचा तळ स्वच्छ होता.

लेक किरणोत्सार मोजणाऱ्या प्रयोगशाळेत होती. बाबांनी बरणी तिच्या हातात दिली. "ही तिकडूनच येते ना? मग हिलाच विचार. माझं कोणी ऐकत नाही."

साहेबांची परवानगी काढून तिने नमुना वहीत नोंदवला, शिशाच्या जाड पेटीत मोजायला ठेवला. तिसऱ्या दिवशी पडद्यावरच्या आलेखात सीझियमचा सुळका उभा राहिला. हे सीझियम मातीच्या पोटचं नव्हे; अणू फोडल्याशिवाय ते जन्मतच नाही. तिने तिथूनच फोन लावला.

"बाबा, सापडलं."

बॉम्ब कुणाचा, ते सीझियम सांगत नाही. त्यासाठी धुळीतलं प्लुटोनियम वेगळं काढून त्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण पाहावं लागतं. पाच आठवडे लागतात. हे तिला पाठ होतं. पण फोनवर ते तोंडातून निघालं नाही.

संध्याकाळी घरी आली तर बाबांची खुर्ची रिकामी.

"कार्यालयात गेलेत, इस्त्रीचा शर्ट घालून," आई म्हणाली. "अर्जात लिहिलंय, माझ्या मुलीनेच शोधून काढलं."

"अगं, अजून अर्धंच झालंय."

"मग अर्धं सांगितलंस कशाला?"

पाच आठवड्यांनी प्रमाण हाती आलं. धूळ वाळवंटातलीच होती, पण तिच्यातली खूण दूरच्या दोन बड्या राष्ट्रांच्या बॉम्बची होती. त्यांची राख पूर्वीच साऱ्या पृथ्वीवर पडून गेली होती. आपल्या बॉम्बची खूण त्या बरणीत नव्हती. कार्यालयाने पूर्ण अहवाल मागवलेलाच होता.

"सर, मूठभर धुळीवरून तळाचं काय कळणार?" तिने साहेबांना विचारलं.

"तसं लिही."

"ते वाचतील?"

"नाही," साहेब म्हणाले.

"नमुना बिघडला असं लिहिलं तर?"

"मी अडवणार नाही. पण उद्या तुझ्या कुठल्या आकड्याखाली मी सही करू?"

तळाबद्दलचं वाक्य तिने दोनदा लिहिलं, दुसऱ्यांदा ठळक. मग सही केली.

कार्यालयाचं उत्तर दोन ओळींत आलं. अर्जदाराच्या कन्येच्याच अहवालानुसार दावा निराधार. प्रकरण बंद.

बाबांनी कागद चष्मा लावून वाचला, काढून वाचला. "म्हणजे मी तळावर दुसऱ्यांचा बॉम्ब झाडला."

"तळाबद्दल मी तसं लिहिलेलं नाही, बाबा."

"त्यांनी तसंच वाचलंय."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला जायचं होतं. नेहमीसारखी ती पर्स घेऊन दारात उभी राहिली. बाबा पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. एवढ्यानेही त्यांना धाप लागली होती. ती खाली वाकली तसा त्यांनी पाय मागे घेतला.

"तू राहू दे. आई येईल."

"दर वेळी मीच येते ना."

"दर वेळी लेक यायची." नाडी पुन्हा सुटली, त्यांनी ती पुन्हा धरली. "आता तू त्यांची साक्षीदार आहेस. माझ्या बाजूला बसलीस तर कसं दिसेल?"

आईने लेकीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"चला लवकर," ती बाबांना म्हणाली, "रांग मोठी असते."